निसारचाचांची हिरवी थाळी

११ फेब्रुवारी २००४

मिळाली! दोन महिने मागे लागले होते. आज निसारचाचांनी चिनी थाळी स्वतः आणून दिली. हिरवट ग्लेझ, काठाखाली कोरलेली फुलं. जुन्या चिनी भांड्यांच्या ग्लेझवरच्या माझ्या प्रबंधासाठी अकरावा नमुना, आणि सगळ्यांत देखणा. चाचांचं गल्लीच्या तोंडाला कल्हईचं दुकान, दिवसभर भांडी आपटत असतात, पण ही तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरून आणली.

"वीस तारखेच्या आत परत द्या, ताई. आमच्या शबनूरचं उष्टावण हाय. घरातलं परत्येक पोर हिच्यातच पहिली खीर चाटलंय."

शबनूर त्यांची नात, सहा महिन्यांची.

१३ फेब्रुवारी

शिसं!

क्ष-किरण यंत्राच्या आलेखावर शिशाचा सुळका, शेजारी कथलाचा. असल्या जुन्या हिरव्या ग्लेझमध्ये चुना, पोटॅश, थोडं लोखंड — शिसं कशाला येईल? म्हणजे थाळी नकली. तेही चाललं असतं. पण पोर त्यात चाटणार!

१४ फेब्रुवारी

चाचांच्या घरी जाऊन सांगून टाकलं. शहाजादीचाची — चाचांची बायको — भडकल्याच. "माझी चार पोरं हिच्यात चाटली. मेलं का कोण?" चाचांनी मात्र माझ्यासाठी चहा सांगितला. ते मला जास्त लागलं.

निघताना हळूच म्हणाले, "आन् मी तर द्यायच्या आधी कल्हईच्या फडक्यानं घासून चकचकीत केलती की. कालेजात चाललीया, नीट जावी म्हटलं."

मी दारातच थांबले. फडकं! त्याच्यावरचाच धातू थाळीला लागला असेल तर?

१६ फेब्रुवारी

सौम्य आम्लानं पुसली, धुतली, आठ जागी पुन्हा तपासली. ना शिसं, ना कथील. जे असायला हवं तेवढंच. थाळी अस्सल, तीनचारशे वर्षांची तरी असावी. लॅबमध्ये एकटीच हसत बसले.

चाचांना फोन केला. "व्हय? मग बोलवा की पावण्यास्नी!"

२० फेब्रुवारी

उष्टावण झालं. शबनूरनं आधी तोंड वाकडं केलं, मग चाचींचं बोटच सोडेना. चाची मला म्हणाल्या, "लै शानी हायस, संघप्रिया." म्हणजे माफ केलं.

खीर मोठ्या पितळी पातेल्यातली. चाचांनी कालच त्याला स्वतः कल्हई केलेली, आरशागत. मी तीन वाट्या खाल्ल्या. निघताना त्यांच्याकडून कथलाचा तुकडा मागून आणला — प्रबंधात फडक्याचा घोटाळा लिहिताना आलेख जोडायला बरा. फार छान दिवस गेला.

२१ फेब्रुवारी

फडक्यात कथील असणारच, कल्हई म्हणजे कथलाचाच मुलामा. पण शिसं कुठून आलं, हे मी विचारलंच नव्हतं.

तुकडा यंत्राखाली धरला. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त शिसं. चाचा बाजारातून कथलाची कांडी आणतात, त्यांना काय ठाऊक! बारा वर्षं आमचीही भांडी त्यांच्याच हातची. कालचं, शबनूरच्या खिरीचं पातेलंसुद्धा.

दुकानात आज आमच्या अर्ध्या शिवाजी पेठेची भांडी कल्हईला लागलीत. चाचांना थांबवायला जाते.