म्हाळसाचं भाषण आणि उलट कललेली रेघ

कळस, ता. इंदापूर
१९९७

चि. नागेश यास, आणि बारामतीच्या कचेरीत तुझ्या शेजारी बसून दुसऱ्याच कुणी ठरवलेले नियम मुकाट्यानं पाळणाऱ्या तमाम संगणकवाल्यांस,

आप्पामामाचे आशीर्वाद. आपल्या सर्वांची तक्रार एकच आहे. यंत्रं बनवणाऱ्यांनी फाइलचा पत्ता लिहिण्याची एक रीत ठरवली नाही, आणि फजिती आपल्या वाट्याला आली. साखरबाईचे (तुझ्या आईचे, माझ्या थोरल्या बहिणीचे) गुडघे कसे आहेत? तिला जिना चढू देऊ नकोस. माझा घसा उत्तम आहे. घरात सध्या त्याचा काही उपयोग नाही, ते पुढं येईलच.

आपल्या भागातल्या गावसभांत गाजलेल्या भाषणांचं पुस्तक आमचं वाचनालय काढतंय आणि संपादक मी आहे. (दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायला सभेत वेळ उरला नव्हता.) आमच्या वाचनालयातल्या सुकन्यानं इंदापूरच्या टायपिंग क्लासातल्या विंडोजच्या यंत्रावर भाषणं उतरवली, प्रत्येक वक्त्याचं वेगळं फोल्डर केलं आणि पत्त्यांसकट फ्लॉपी तुझ्याकडं धाडली. तुझ्या मामीच्या भाषणाचा पत्ता असा: सी:\कळंब\म्हाळसा\घाट. (यंत्रावर रोमन अक्षरं आहेत, मी स्वाभिमानानं मराठीत लिहितोय.) आधी गाव, मग वक्ता, मग विषय, मधे तिरकी रेघ. यात न कळण्यासारखं काय आहे? पण तुझ्या कचेरीतलं युनिक्सचं यंत्र पत्ता तोडतं ते दुसऱ्या बाजूला कललेल्या रेघेवर (/). तुझ्या प्रोग्रॅमला तशी रेघ कुठंच सापडली नाही, म्हणून त्यानं अख्खा पत्ता म्हणजे एकच लांबलचक नाव धरलं. वक्ता कोण, ते कळेना.

इथवर दोष यंत्राचा. पुढचा दोष आपल्या घरच्या वळणाचा. वक्ता सापडला नाही तर जागा रिकामी दिसू नये, म्हणून वडीलधाऱ्यांचा मान राखून तिथं मामांचं नाव घालायचं, असं तू प्रोग्रॅमला बजावून ठेवलं होतंस. परिणामी नमुना प्रतीतली झाडून सगळी भाषणं माझी झाली. "माझी पाठ कधी मातीला लागली नाही" हे तात्याबा पैलवानाचं भाषणही माझंच. (माझी तब्येत तू पाहिली आहेस.) आमच्या ग्रंथपाल कुंडलिकनं वाचनालयात ती प्रत मोठ्यानं वाचायला घेतली आणि थोड्याच वेळात वक्ते आप्पासाहेब (म्हणजे मी) म्हणू लागले: "लग्न झाल्यापासनं मी मालकांची भाषणं ऐकतीय. त्यांचं बोलणं संपस्तोवर माझं धुणं वाळतं. आज मी बोलणार, आणि थोडक्यात बोलणार."

म्हाळसा आयुष्यात एकदाच बोलली, ती तिच्या माहेरी, कळंबच्या सभेत. पाहुणा म्हणून मला बोलावलं होतं आणि उठली ती. ओढ्यावर बायकांना धुण्यासाठी घाट पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं, आणि घाट झाला. (माझ्या भाषणांनी अजून एक दगड जागचा हललेला नाही.) त्या दिवशी वाचनालयात ती मागं बायकांत बसून सगळं ऐकत होती. घरी आल्यावर म्हणाली, "माझं एकच भाषण, त्ये बी तुमचंच व्हय? मग भाकरी बी तुमीच थापा." तेव्हापासून मी थापतोय. भाकरी गोल असावी, हे माझं मत आता पहिल्याइतकं ठाम राहिलेलं नाही.

फोनवर तू म्हणालास, "मामा, दोन्ही रेघांवर तोडतो, झालं." नाही झालं. कुंडलिकच्या लेकीनं, स्वरालीनं, आपलं भाषण मागाहून तुझ्याच कचेरीतल्या युनिक्सवर लिहिलंय आणि फाइलला नाव दिलंय "मुलगा\मुलगी". तिथं ती रेघ म्हणजे नावातलंच एक अक्षर. दोन्हीवर तोडलंस तर मुलगा एका बाजूला जाईल आणि मुलगी दुसऱ्या, आणि भाषण आहे समानतेवर.

माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, मेंढरं राखायचे. निमगाव केतकीच्या बाजारात कळप मिसळले की ते आधी विचारायचे, कळप कुणाचा? आपल्या मेंढरावर तिरका पट्टा ही मालकाची खूण. परक्या कळपातल्या मेंढरावर तसाच पट्टा म्हणजे बाभळीचा ओरखडा. आपल्या एकट्याच्या खुणेनं ते सगळा बाजार ओळखायला निघाले असते, तर आपलं घराणं कोठडीतच वाढलं असतं. तेव्हा नागेश, प्रोग्रॅम कुठल्या यंत्रावर चालतोय ते पाहू नकोस. पत्ता कुठल्या यंत्रावरून आलाय ते आधी विचार, आणि तिथल्या रीतीनं तोड. (आणि सुरुवातीचं "सी:" हे गाव नव्हे, यंत्रातला कप्पा आहे.)

तुझा,
आप्पामामा

ता.क. हे पत्र मी केवळ तत्त्वासाठी लिहिलं आहे. भाकरीचा संबंध नाही.

आणखी ता.क. एक राहिलं. कुंडलिकनं वाचलेलं म्हाळसाचं भाषण ऐकून लोकांना वाटलं, मी बाईच्या तोंडून बोलायची नवी तऱ्हा काढली. टाळ्या थांबेनात. कुंडलिक म्हणाला, "आप्पासाहेब, आजवरच्या तुमच्या भाषणांत ह्येच्यासारखं न्हाय." मी खरं सांगायला उठलो, पण आयुष्यात पहिल्यांदाच मला शब्द सुचेना, आणि मी पुन्हा खाली बसलो. ते तिनं मागून पाहिलं. भाकरीची शिक्षा त्याची आहे. प्रोग्रॅमचं तू तुझ्या सवडीनं बघ. शनिवारी मात्र तिच्या नावानं छापलेलं ते पान घेऊन वाचनालयात ये, आणि सगळ्यांदेखत तिच्या हातात वाचायला दे. मी मागं बसतो.