ठमीनं बांगड्याला नाक मुरडलं

बुधवार, संध्याकाळ, नवीन पनवेल

ठमीच्या पोटाखालची गाठ कॅन्सरचीच निघाली. डॉक्टर म्हणाले, "मांजर म्हातारी आहे, भूल झेपेलच असं नाही. तिला जगण्यात रस उरलाय का, बघून तुम्हीच ठरवा." आता हे बघायचं कसं?

सकाळी उरणची मासेवाली आली. आमच्याकडे मासळी आधी ठमी हुंगते, मग मी घेते. पंधरा वर्षांची रीत. आज तिनं बांगडा हुंगला आणि तोंड फिरवलं.

"ताजाच हाय बाय," मासेवाली म्हणाली, "तुज्या मांजरीलाच आता चव नाय."

तिचं ऐकून मी बांगडे घेतले. बांगडा नको म्हणजे संपलंच की. यांनी डोळे पुसले, ऑपरेशन नको, उगाच हाल नकोत म्हणाले. मी ताटाला हातही लावला नाही. यांनी मात्र दुःखात तिच्या वाटचाही बांगडा खाल्ला.

दुपारपासून हे संडासात आहेत. ठमी दाराबाहेर बसून आहे, चेहऱ्यावर 'सांगितलं होतं ना!' असा भाव. पंधरा वर्षांत हे नाक एकदाही चुकलं नाही, मग आजच चुकलं असं मला का वाटावं?

आत्ता आतून हाक आली, "डॉक्टरांना फोन कर."

"तुमच्या की ठमीच्या?"

"आधी ठमीच्या. ऑपरेशनची तारीख घे."