ज्या देशात सध्या राहते

लीड्स, ९ सप्टेंबर २०२४

ती. आबांस नूतनचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही तब्येत विचारता, सलाम ठोकता आणि बंद करता, म्हणून लिहायला बसले. तुमच्या जावयाची, हितेंद्रची, नोकरी ठीक चालली आहे. मला इथल्या स्काउट पथकाने मदतीला घेतलं. मुलं-मुली एकत्र असतात आणि दहा वर्षांचं पोर मला नुसतं नूतन म्हणतं. जळगावच्या शाळेत माझ्या गाईड मुली मॅडम म्हणतानासुद्धा सावधान उभ्या राहायच्या. सवय होईल.

परवा झेंडा बांधताना मी आपल्या पद्धतीने आत पाकळ्या घातल्या. दोरी ओढल्यावर त्या पथकप्रमुखांच्या डोक्यावर पडल्या. त्यांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आता अडचण सांगते. डिसेंबरात मला पथकात रीतसर दाखल करून घेण्याची दीक्षा आहे. स्काउटचं जुनं वचन इथे चालत नाही, नव्याने घ्यावं लागतं. इथले लोक त्यात राजाचं नाव घेतात. बाहेरून आलेल्यांनी 'ज्या देशात सध्या राहते त्या देशाप्रती माझे कर्तव्य' असं म्हटलं तरी चालतं. वचन घेतलं नाही तर पथक मिळणार नाही, फक्त चहाच्या टेबलाशी उभं राहता येईल. पथकाशिवाय मला इथे करमणार नाही आबा, हे खरं सांगते. पण पहिलं वचन माझ्याकडून तुम्हीच घेतलंत, तेव्हा परवानगी तुमचीच हवी.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो होकारासोबत पाठवावा.

तुमची नूतन

दोंडाईचा, २५ सप्टेंबर

चि. सौ. नूतनला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. परवानगी नाही. वचन म्हणजे मोबाईलचं सिमकार्ड नव्हे, देश बदलला की बदलायला. मेहरूणच्या शिबिरात सगळ्यांसमोर तू 'माझ्या देशाप्रती' म्हणालीस. त्यात 'सध्या' हा शब्द नव्हता. माणसाला देश एकच असतो. त्यांच्या राजाबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा आहे, त्यांनी सांभाळावा.

वचन घ्यायचंच असेल तर मी दिलेला स्कार्फ परत पाठव. रजिस्टर टपालाने.

चहाच्या टेबलाशी उभं राहणं हीसुद्धा सेवाच आहे. बाकी क्षेम. कापूस बरा आहे.

थंडीत कान झाकत जा. लोभात कपात केलेली नाही, याची नोंद घ्यावी.

आबा
(अमृत पाटील, निवृत्त स्काउट मास्तर)

दोंडाईचा, २७ सप्टेंबर

चि. नूतनला आईचे आशीर्वाद.

आबांनी पत्र टाकायच्या आधी मला मोठ्याने वाचून दाखवलं. हे मात्र मी त्यांना दाखवलेलं नाही.

मी पाचोऱ्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्याकडे कोणी वचन मागितलं नाही, सरळ चूल दाखवली. कितीतरी वर्षं 'आमच्याकडे' म्हटलं की पुढे पाचोराच यायचा. सासूबाई म्हणायच्या, आते हाईच तुनं गाव शे. आता माहेरी गेले की 'आमच्याकडे' म्हणून दोंडाईचाच्या गोष्टी सांगते आणि भाऊ हसतो. दोन्हीकडचं केलं, कुठे कमी पडू दिलं नाही. पाचोऱ्याची आठवण मात्र अजून रोज येते.

काल वांगी भाजता भाजता हे आबांना सांगितलं. माणसाला देश एकच असतो, तर मग मी कुठली, तेही विचारलं. ते भरीत न खाताच उठले आणि पट्ट्याचं बक्कल घासत बसले. नको तितकं चकचकीत झालं आहे.

स्कार्फ पाठवू नकोस. वेळेवर जेव. माया जशीच्या तशी आहे.

तुझी आई

दोंडाईचा, १७ नोव्हेंबर

चि. सौ. नूतनला आशीर्वाद.

वचन घे. 'सध्या' म्हणायला हरकत नाही, पण खणखणीत म्हण. स्कार्फ तुझ्याकडेच असू दे.

दिवाळी झाल्यावर तुझ्या आईला मी पाचोऱ्याचं तिकीट काढून दिलं. लग्न नाही, बारसं नाही, कोणाचं दुखणं नाही, मग जायचं कशाला, असं तिने दोनदा विचारलं. आठवण येते म्हणून जायचं, असं मी सांगितलं. परतीचंही काढू का म्हटलं, तर राहू द्या म्हणाली.

भाकरी मला येते, शिबिरात शिकलेली. घरही झाडतो. जन्म माझा इथला, गल्लीतली सगळी माणसं ओळखीची, तरी संध्याकाळी ओट्यावर बसलो की परमुलखात आल्यासारखं वाटतं.

लवकर ये असं मी तिला म्हणणार नाही. तेही तिचंच गाव आहे. तू मात्र फोनवर सहज विचारून बघ, कधी येणार म्हणून. मी विचारायला सांगितलं हे सांगू नकोस.

लोभ ठेव. सध्या इथे त्याची गरज आहे.

आबा