खांद्यांची रेघ

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज एकेचाळीस पाकिटं! टेबलावर जागा उरली नाही म्हणून अर्धी खुर्चीत ठेवली आणि मी स्टुलावर बसलो. एकोणीस वर्षं हेच काम — पोस्टानं चित्रकला शिकणाऱ्यांचे धडे तपासायचे. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, चुकलेली रेघ लाल पेन्सिलीनं बरोबर काढायची, चिठ्ठीवर शेरा, सही, पाकीट बंद. यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. त्यांनी माझं पाहिलेलं नाही, हे त्यांचं नशीब.

बावीसशे अठरा नंबरच्या मुलीची पुन्हा तीच चूक. धडा नववा — समोर बसलेला माणूस. वडिलांना बसवलंय. खांदे वाकडे! उजवा चांगला दोन बोटं खाली. मागच्या खेपेलाही हेच. शेरा: ‘खांदे एका पातळीत हवेत. पान ३१ वरचा नमुना पाहा. पुन्हा काढा.’

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मालकांनी बोलावलं. नव्या माहितीपत्रकासाठी एक पान लिहून द्या म्हणाले — होतकरू चित्रकाराला पत्रद्वारे शिकण्याचा फायदा काय. “तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?”

लिहायला बसलो. ‘घरबसल्या, आपल्या सवडीनं’ — इथेच घोडं अडलं. मला शिकवायला तर समोर माणूस होता, चांगला नावाजलेला. त्याचा मला काय फायदा झाला ते या स्टुलावर दिसतंच आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पाठ धरली. ही म्हणाली, “जगाची चित्रं सरळ करता, जरा स्वतः सरळ बसा.”

बुधवार, १९ फेब्रुवारी

बावीसशे अठरा. ये रे माझ्या मागल्या! उजवा खांदा खालीच. सुंभ जळाला तरी पीळ जाणार नाही म्हणतात, ते या मुलीसाठीच. बाकीचं चित्र मात्र — इथे कबूल करायला हरकत नाही — नीट बघून काढलेलं. मानेच्या शिरा, मांडीवर टाकलेला हात, नखांपर्यंत. असं काढणारे वर्षातून दोन-तीनच निघतात.

सोबत चिठ्ठी. ‘गुरुजी, तुमचा कागद माझ्या चित्रावर ठेवून पाहिला. तुमची रेघ बरोबरच असणार. पण बाबा तसेच बसतात. मी तीनदा मोजलं. लाँड्रीत दिवसभर उभी असते, सुटी एकच, म्हणून पाठवायला उशीर झाला.’

‘बरोबरच असणार. पण.’ त्या ‘पण’चा इतका राग आला! मालकांचं म्हणणं, चाळीस गुण द्या, जाऊ द्या पुढच्या धड्याला, कशाला अडवून धरता. मी देत नाही. इथे माझं म्हणून काही उरलं असेल तर एवढंच, की चुकीचं चित्र माझ्या सहीनं पास होत नाही. शेरा जरा कडकच लिहिला — ‘हट्ट सोडा. आपल्या डोळ्यांपेक्षा नमुन्यावर विश्वास ठेवा.’

गुरुवार, २० फेब्रुवारी

छत्तीस पाकिटं. माहितीपत्रकाचं पान कोरंच. कंटाळा आलाय, आणि कशाचा ते सांगता येत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

जेवताना हिला बावीसशे अठराची गोष्ट सांगितली, गंमत म्हणून. ही हसली नाही. हिचं सगळं आयुष्य शिवणकामात गेलेलं. एकदम विचारलं, “वडील काय करतात तिचे?”

तिच्या अर्जावर वाचलं होतं. गोदामात पोती वाहतात.

“मग खांदा उतरणार नाही तर काय होईल? ओझं वाहणाऱ्याचा शर्ट मी कधी दोन्ही बाजूंनी सारखा कापत नाही. आणि ओझ्याचं सोडा हो! आजवर इतक्यांची मापं घेतली, दोन्ही खांदे एका पातळीत असलेला माणूस मला तरी भेटला नाही. तुमचाच बघा.”

हात धुऊन टेप घेऊन आली. मला दाराच्या चौकटीला उभं केलं, श्वास सोडा म्हणाली. उजवा पाऊण इंच खाली!

“शर्ट बसतो ना अंगावर? मग मी आपली गप्प बसते,” असं म्हणून भांडी घासायला गेली.

किती बापांचे, आयांचे, भावांचे खांदे सरळ करून परत पाठवले असतील मी. लाल पेन्सिलीनं, वर सही ठोकून! विचारायला घरात बायको होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. समोर माणूस बसवून मी स्वतः शेवटचं चित्र कधी काढलं, ते खूप आठवून पाहिलं. आठवलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बावीसशे अठराला पत्र लिहिलं. ‘चूक माझी आहे. तुमचा खांदा बरोबर आहे. तुम्हाला दिसतं तेच काढा, माझंसुद्धा ऐकू नका.’ चार ओळींना दुपार गेली.

आपणहून विद्यार्थ्याला पत्र टाकायचं नाही असा मालकांचा नियम आहे. तिचं पाकीट आलं की चिठ्ठीवरच लिहावं का? दोन आठवड्यांत येईलच ते. नियमाला मी एरवी भीक घालत नाही. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची लाज वाटते — तिनं माझं तोंड पाहिलेलं नसताना! गुरुजीच चुकले म्हटल्यावर मागच्या आठ धड्यांचं तिनं काय करायचं?

पत्र कोटाच्या खिशात ठेवलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

“टाकलंत का पत्र?”

म्हटलं, उद्या.

“वाटेत पेटी नाही का?”

आहे. दोन आहेत.

मंगळवार, ४ मार्च

शेवटी माहितीपत्रकाचं पान लिहून दिलं. ‘पत्रद्वारे शिकणाऱ्याजवळ गुरू बसलेला नसतो. त्यामुळे त्याला समोरच्या माणसाकडेच बघावं लागतं. या शिक्षणाचा फायदा एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे. तपासनिसानं मध्ये येऊ नये.’

मालकांनी दोनदा वाचलं. “ही जाहिरात आहे की राजीनामा?”

पान परत आलं. तरी बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी. आज नववा धडा पाठवणाऱ्या चौघांच्या खांद्यांना हात लावला नाही. एकाचे खरोखरच चुकलेले असावेत. असू देत.

गुरुवार, ६ मार्च

पत्र अजून खिशातच. घडीवर विरायला लागलंय. ही आता विचारत नाही, ते जास्त लागतं. बावीसशे अठराचं पाकीट आलं की पास करायचं, सत्तर गुण द्यायचे, आणि हे पत्र आतच घालायचं. ठरलं. उशीर झाला म्हणून काय बिघडतं?

शुक्रवार, ७ मार्च

बावीसशे अठरा. खांदे एका पातळीत. पान ३१ वर ठेवून पाहिलं — रेघेला रेघ. चेहरा कोणाचाही.

‘गुरुजी, जमलं! हट्ट सोडला. आता बाबांना बसवावंच लागत नाही, नमुन्यावरून येतं. सुटीच्या दिवशी ते झोपतात. तुमचे उपकार फिटायचे नाहीत.’