अर्धी होडी

बाबा, तुमच्यावर चिडायला मला इतकी वर्षं लागली. आजवर मी सगळा राग, ज्यांचे सेट तुम्ही करायचात त्या साहेबांवर काढत होते.

लंडनमध्ये त्यांनी पटकथा लिहिल्या, दोन चित्रपट दिग्दर्शित केले. पहिला चालला, दुसरा पडला, आणि मग ते बहारीनला येऊन कारखान्यांसाठी सुरक्षेच्या फिल्म काढू लागले: हेल्मेट घाला, शिडी नीट धरा. ही कारकीर्द तुम्ही जेवताना घरच्या माणसाची असावी तशी सांगायचात. आई वैतागायची. "तिकडे काम असतं तर इथे येऊन शिड्या कशाला दाखवल्या असत्या?" तुम्ही म्हणायचात, "बघशील. मोत्यांवर पिक्चर काढणार आहेत. होडी मी करतोय."

तो पिक्चर म्हणजे साहेबांची परतीची वाट होती. कुवेतची लढाई संपली होती, पटकथा तयार होती, पैसे घालणारे लंडनहून यायचे होते. त्यांना एक प्रसंग समुद्रकाठी चित्रित करून दाखवायचा होता. त्यासाठी होडी हवी होती, तीही अर्धी. कॅमेऱ्यासमोर येणारी बाजू तेवढी, मागे टेकू. मी आता संकलन करते, मला ते कळतं. तुम्हालाही कळत होतं. कुठेच न उघडणारी दारं तुम्ही त्यांना किती करून दिली होती!

पण होडी म्हटल्यावर तुमच्यातला रत्नागिरीचा सुतार हटून बसला. त्या शुक्रवारी मी डबा घेऊन तुबलीच्या वर्कशॉपमध्ये आले, तर साहेब डोकं धरून उभे, आणि समोर पूर्ण होडी.

"मी अर्धी सांगितली होती!"

"हाफ बोट मफी, साहेब, नहीं चलेगा. हाफ बोट पानी में डूबेगा."

"ती पाण्यात जाणारच नाही!"

"इंशाल्ला जाएगा."

मी हसत घरी गेले. पुढे पिक्चर झाला नाही. "पैसेवाले पळाले," तुम्ही सांगितलंत, आणि मी साहेबांना थापाड्या ठरवलं.

परवा आमच्या जुन्या कॅमेरामननं, तो तेव्हा साहेबांकडे होता, सहज सांगितलं की होडी वर्कशॉपच्या दारातून निघालीच नाही, तिरकी करूनही नाही. दाराचं माप तुम्ही घेतलं नव्हतंत. तुम्ही, बाबा! लंडनचे पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. साहेब म्हणाले, मधोमध काप. तुम्ही करवत उचललीत, होडीला लावलीत, आणि तसेच उभे राहिलात. मग साहेब म्हणाले, "खलास. राहू दे." आणि शेवटपर्यंत शिड्या दाखवत राहिले. वर त्यांच्या पुढच्या फिल्मची दारंही तुमच्याकडूनच करून घेतली.

एका माणसाला नाही म्हणता येत नव्हतं, दुसऱ्याला कापता येत नव्हतं. अशानं फिल्म होते का? मी रोज कापते. चांगले, मेहनतीनं घेतलेले शॉट कापते, कारण ते नको असतात. कॅमेरामनला मी ठणकावून सांगितलं, मी असते तर होडी पाच मिनिटांत कापली असती.

आज कामावरून येताना तुबलीला उतरले. होडी अजून तिथेच आहे, तिच्यात रंगाचे डबे ठेवतात. भिंतीकडच्या बाजूला, जिथे कुणाचीच नजर जाणार नव्हती, मी हात घालून पाहिलं. तीही तुम्ही तितकीच गुळगुळीत घासली आहे.

कॅमेरामनला मी उद्याही तेच सांगणार आहे. हे पत्र आता कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. माझ्याच्यानंही ती कापली गेली नसती.