खारवंतीचा ताबा

मी, आशालता अविनाश घरत, वय वर्षे ६७, निवृत्त टंकलेखिका, राहणार विश्राळे तलावामागे, पनवेल, शुद्धीवर असताना, चष्मा लावून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. साखर वाढलेली आहे आणि अक्कल जागेवर आहे, असा त्याचा अर्थ होतो.

पनवेल कोर्टासमोर एका वकिलांकडे मी एकतीस वर्षं टायपिंग केलं. लोकांची मृत्युपत्रं किती बडवली त्याची मोजदाद नाही. माणसं जमिनीवरून जेवढी भांडत नाहीत तेवढी पितळी परातीवरून भांडतात, हे मला तिथे कळलं. दस्ताची भाषा मला पाठ आहे. पण हा दस्त माझा स्वतःचा आहे, म्हणून मध्येमध्ये मी माझ्या भाषेत बोलणार, आणि मला थांबवायला इथे वकीलसाहेब नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगते. घर आणि ठेवी यांची वाटणी दोन ओळींत संपणारी आहे. एवढ्यासाठी मी टाइप करायला बसले नसते. माझ्या थोरल्या जाऊ हौसा दयाराम घरत यांच्याशी मी अठ्ठावीस वर्षं बोललेली नाही. त्यांच्यावर मी एक आरोप केला होता. तो मला मागे घ्यायचा आहे, आणि त्यांना एक गोष्ट द्यायची आहे. त्या ती घेतील की नाही, हे मला माहीत नाही.

कलम १. पनवेलचा माझा फ्लॅट माझ्या पश्चात मुलगा हितेश याचा. सूनबाई दिपिका हिच्या मनात स्वयंपाकघराची भिंत पाडून ते हॉलला जोडायचं आहे. मी गेल्यावर खुशाल जोडावं. आधी हातोडा दिसला तर मी हे कलम बदलीन.

कलम २. बँकेतल्या ठेवी निम्म्या दिपिकाच्या एकटीच्या नावावर आणि निम्म्या नात रिया हिच्या शिक्षणाला. हितेशने तोंड वाकडं करू नये. त्याच्या शिक्षणाला लागले ते मी अजून विसरलेली नाही. तो या मृत्युपत्राचा व्यवस्थापक राहील.

कलम ३. मराठी टाइपरायटर रियाला. त्यातली 'ळ'ची कळ अडकते, तिला खालून टिचकी मारावी लागते. हे लिहून ठेवणं जरूर आहे, कारण दुरुस्तीवाला ते सांगणार नाही आणि पैसे घेईल.

कलम ४. आता खेळातली मिळकत. वाचणाऱ्याला हा काय प्रकार आहे असं वाटेल, म्हणून खुलासा करते.

माझे पती अविनाश एसटीत ड्रायव्हर होते. सहा वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतर मी दिवसभर टीव्हीसमोर बसून मालिकेतल्या बायकांना शिव्या घालते, अशी बातमी खारघरला पोचली. खारघरला हितेश राहतो आणि रिया तिथेच कॉलेजात शिकते. रिया आली आणि मला म्हणाली, "आजी, शिव्याच घालायच्या तर आमच्या खेळात घाल, तिथे लिहून घालाव्या लागतात." तिने मला 'सात दर्यांचा डाव' या खेळात बसवलं. हा खेळ कॉम्प्युटरवर असतो. कोणी कुठून, कोणी कुठून असे लोक एकेक पात्र तयार करतात. समुद्री चाचे, चेटकिणी, अर्धे मासे, अर्धी माणसं. मग पाळीपाळीने प्रत्येकाने आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते लिहायचं. कोणी हल्ला केला तर आपण उत्तर लिहायचं. लढाई, वादळ, लूट, सगळं लिहून. रिया त्यात सूत्रधार आहे. टायपिंगचा माझा वेग पाहून पहिल्याच आठवड्यात दोन गलबतं शरण आली.

माझं पहिलं पात्र चंद्रप्रभा. वय बावीस, कंबर बारीक, तलवारीत हुशार, कधीच न हरणारी. चार दिवसांत मलाच तिचा कंटाळा आला. तिला बुडवावं, कोणी वाचवू नये.

दुसरा पिंगळा कारकून. अर्धा घुबड, अर्धा माणूस. लढाईआधी चाच्यांची मृत्युपत्रं लिहून घेतो आणि साक्षीदार मिळेपर्यंत कोणालाही मरू देत नाही. हा रियाला द्यावा. तो तिला शिस्त लावील.

तिसरी खारवंती. ही मिठागरात राहणारी चेटकीण. हात मिठाने भेगाळलेले, आवाज फाटका, डोक्यावर पदर घट्ट. गलबतांवरून निरोप घेऊन निघालेले पक्षी ती वाटेत अडवते, त्यामुळे आईबापांच्या मरणाच्या बातम्या पोरांना कळत नाहीत. सातही दर्यांत तिच्याइतकं कोणाला घाबरत नाहीत. तीन वर्षं झाली, लोक चंद्रप्रभाला विसरले, पण खारवंतीची पाळी कधी येते याची वाट पाहतात.

खारवंती कोणावरून बेतली, हे मी खेळात कधी सांगितलं नाही. इथे सांगते. हौसावहिनींवरून. भांडण आहे, तरी जाऊ थोरली आहे, म्हणून 'वहिनी' आणि 'त्या' असंच लिहिणार. त्या उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या. लग्न करून आपटा स्टेशनच्या अलीकडे आमच्या गावी आल्या. दुसरीपर्यंत शाळा. माझ्या सासूबाईंचं शेवटच्या आजारपणातलं सगळं त्यांनी केलं. अंघोळ, भरवणं, रात्रीची जाग. मी नोकरीवाली. रविवारी फळं घेऊन जायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचे.

कलम ५. भांडण असं झालं.

सासूबाई दिवाळीतल्या पाडव्याला सकाळी गेल्या. अविनाश गाडी घेऊन कोल्हापूरला मुक्कामी होते. दयारामभाऊजी टेम्पो घेऊन सुरतेला होते. मी पनवेलात घरी चकल्या तळत होते. भाऊबिजेला फराळाचे डबे घेऊन गावी पोचले तर दारात पाणी तापत होतं आणि माझी सासू आदल्या संध्याकाळीच जळून गेली होती.

मी तेव्हा काही बोलले नाही. तेराव्याला बोलले. पंगत बसलेली, वहिनी आमटी वाढत होत्या. सगळ्या गावासमोर मी विचारलं, "मला का नाही कळवलंत?"

त्या म्हणाल्या, "मी फोन लावला व्हता, आशा. कोनी उचलला नाय."

"खोटं बोलू नका. मुद्दाम नाही कळवलंत. खोटारड्या आहात तुम्ही."

त्यांनी आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि आत गेल्या. त्या दिवसापासून लग्नाकार्यात समोर आलो तरी बोललो नाही. अविनाश दोघींच्या मध्ये मुके झाले. ते गेले तेव्हा वहिनी आल्या होत्या, दारापासून दर्शन घेऊन परत गेल्या. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

कलम ६. यंदा सप्टेंबरात खेळात काय झालं ते आता लिहिते.

रियाचा एक नियम आहे. कोणतंही दुष्ट पात्र तीन वर्षं टिकलं की ते बनवणाऱ्याने त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस लिहायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, त्या पात्राच्या तोंडून. बाकीचे लोक मध्येच प्रश्न विचारतात आणि उत्तर लगेच द्यावं लागतं. मी म्हटलं, माझी चेटकीण जन्मतःच वाईट आहे, तिला कसला आलाय वाईट दिवस? रिया म्हणाली, "आजी, मग ती पात्र नाही, बुजगावणं आहे." बुजगावणं म्हटल्यावर मी चिडले आणि बसले लिहायला. दुपारची वेळ होती, कुकर लावलेला होता.

लिहिलं की खारवंतीच्या घरात एक म्हातारी मेली. पुरुष घरात कोणी नाही. तिने म्हातारीचं अंग पुसलं, लुगडं नेसवलं. मग धाकटीला बोलवायला पक्षी पाठवला. पक्षी परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. शार्दूल म्हणून एक मुलगा आहे, नागपूरला बँकेत काम करतो, खेळात एकडोळ्या आचारी आहे. त्याने विचारलं, "पक्षी परत का आला?"

माझे हात डोक्याच्या पुढे धावतात, ही जुनी सवय. मी टाइप केलं: "धाकटीने पत्ता दिला होता तो तिच्या कचेरीचा. सणाची सुट्टी होती. कचेरीला कुलूप होतं."

मग मी त्या ओळीकडे बघत बसले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलं नाही, डाळ करपली.

आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. शेजारच्या सरपोतदारांकडे होता, आणि ते भले लोक अख्ख्या मजल्याचे निरोप द्यायचे. तो नंबर मी गावी दिला नव्हता. वकीलसाहेबांच्या ऑफिसचा दिला होता. कारण वहिनींचं 'हाय' आणि 'नाय' सरपोतदारांच्या घरात ऐकू जाऊ नये असं मला वाटत होतं. टायपिंगच्या क्लासला जाईपर्यंत मीही तसंच बोलायचे. मला लाज वाटत होती. त्याच लाजेपायी नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गावच्या कोणालाही बोलावलं नव्हतं, त्यामुळे निरोप्या धाडायचा तरी पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. आणि दिवाळीत कोर्ट बंद असतं, ऑफिस बंद असतं, हे पनवेलात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

अठ्ठावीस वर्षं मला हे सुचलं नाही. कोणा नागपूरकराने एका चेटकिणीबद्दल विचारलं तेव्हा सुचलं.

कलम ७. सबब मी या दस्ताने जाहीर करते की, हौसा दयाराम घरत यांनी सासूबाई गेल्या त्या दिवशी मला फोन लावला होता. त्या खरं बोलल्या होत्या. खोटारडी हा शब्द मी मागे घेते. आरोप मी तेराव्याच्या पंगतीत सर्वांसमोर केला होता, तेव्हा हे कलम माझ्या तेराव्याला, गावच्या घरी, पंगत बसलेली असताना मोठ्याने वाचावं. हितेशने वाचावं. त्याने नेहमीसारखं पुटपुटू नये, शेवटच्या पानावर बसलेल्याला ऐकू गेलं पाहिजे.

कलम ८. खारवंती चेटकीण, तिचं मिठागर, तिने अडवलेले सर्व पक्षी आणि तिचा पासवर्ड हौसावहिनींना द्यावा. ती त्यांचीच आहे, मी तिला तीन वर्षं चुकीची वापरली. वाईट दिवस लिहून झाल्यापासून मी तिची पाळी खेळलेली नाही. तिने पुढे काय करावं हे मला ठरवता येत नाही. पक्षी सोडावे, नाहीतर माझ्या पिंगळ्याची पिसं उपटावी. वहिनींना टाइप करता येत नाही, पण बोलून पाठवायची सोय आहे, रिया दाखवील. त्या बोलतील तसंच ठेवावं. 'हाय'चं 'आहे' कोणीही करू नये.

कलम ९. हे सगळं लिहून झाल्यावर काल मी रियाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजी, म्हणजे सॉरी तू मेल्यावर म्हणणार?" पोरीला तोंड फार आहे. पण तिचं बरोबर आहे. दोन महिने झाले मला कळून, आणि मी गावच्या वाटेला गेले नाही. टाइप करायला मी घाबरत नाही, त्यांच्यासमोर उभं राहायला घाबरते.

म्हणून असं ठरवलं आहे. उद्या रविवारी रिया वहिनींना गाडीने इथे घेऊन येईल. मी हा दस्त त्यांच्यापुढे पहिल्यापासून वाचीन आणि साक्षीदार म्हणून त्यांची सही मागीन. खऱ्या बाईची साक्ष माझ्या दस्तावर असावी, अशी माझी इच्छा आहे. यात एक अडचण आहे, ती मी त्यांना वाचण्याआधीच सांगणार आहे. आमच्या वकीलसाहेबांची शिस्त अशी की, मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याची साक्ष घ्यायची नाही. वहिनींनी सही केली तर कलम ८ मी रद्द करीन. नाही केली तर दुसरा साक्षीदार शोधीन. दोन्हीपैकी काहीच न करता त्या उठून गेल्या, तर तोही त्यांचा हक्क आहे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवलं.

ठिकाण: पनवेल
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सही: आशालता अविनाश घरत

साक्षीदार १: मनिषा विलास सरपोतदार, शेजारी (सही)

साक्षीदार २: ~~हौसा दयाराम घरत~~

नाव खोडण्याचं कारण, त्यांनी सांगितलं तसं, रियाने हाताने लिहून घेतलं: "मी सई करनार नाय. सई केली तर ती बाय मना मिलायची नाय. मना ती पायजे. आनि आशा, त्या सातव्या कलमात तू अर्धवट लिवलंस. मी अकरा येला फोन लावला व्हता. दुकानवाला कंटाललेला, मी हटले नाय. तुज्या सासूला दुपारपरयंत झाकून ठेवली तुज्यासाठी. ता लिव."

साक्षीदार २ (बदली): आभा विलास सरपोतदार (सही)

सहीपूर्वी केलेली दुरुस्ती: कलम ७ मध्ये "मला फोन लावला होता" याऐवजी "मला अकरा वेळा फोन लावला होता, आणि माझी वाट पाहिली होती" असं वाचावं. दुरुस्ती मान्य. आ. अ. घरत.