खालची खोली

छत्रपती संभाजीनगर,
१९ जानेवारी

ती. ताईंस उमाचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला असेल. इकडं थंडी हटायला तयार नाही. सकाळी अंगणातली फरशी पायाला चावते, तरी ह्यांचं काम उजाडलं की सुरू.

पत्र लिहायचं कारण तेच. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर लिहावं तर माझा मोबाइल दिवसभर ह्यांच्याच हातात. म्हणून हे पत्र. ह्यांना कळू देऊ नका.

निवृत्त झाल्यापासून ह्यांना घरात काही ना काही ठोकायला लागतं, हे तुमच्या भावाबद्दल मी तुम्हाला काय सांगावं. पण या वेळचं निराळं आहे. खालच्या बाजूची पडवी, जिथं आपण सायकली आणि गव्हाची कोठी ठेवतो, तिची खोली करायला घेतलीय. वर आमची झोपायची खोली चांगली असताना. विचारलं तर म्हणाले, उन्हाळ्यात खाली गार वाटतं. बरं म्हणलं. मग शेजारच्या न्हाणीचा उंबरठा काढला. धरून उठायला भिंतीत स्टीलचा दांडा बसवला, तोही औरंगपुऱ्यात चार दुकानं हिंडून आणलेला. फरशी खरखरीत घातली, पाय घसरू नये म्हणून.

ताई, चांगला चालता माणूस हे कशाला करील? परवा शेजारच्या मोनिकानं ह्यांना क्रांती चौकात एका दवाखान्यातून बाहेर पडताना पाहिलं. मी विषय काढला तर म्हणाले, तहान लागली होती, पाणी प्यायला गेलो. मामंजींचे पाय याच वयात गेले होते. माझा घास घशाखाली उतरत नाही.

तुम्ही विचारलंत तर ते खोटं बोलणार नाहीत. एवढं करा. लोभात अंतर पडू देऊ नका.

तुमची,
उमा

---

परभणी,
२८ जानेवारी

चि. सौ. उमास करुणाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, आणि त्याच दुपारी वैजूला लिहिलं. तुझं नाव कुठं घेतलं नाही. बांधकामाचं श्रीरंगकडून कळलं, असं लिहिलंय. तू जेवत जा. नवरा आजारी आहे की नाही ते कळायच्या आधी तूच आडवी व्हायचीस.

इथं घरात बांधाबांध चाललीय. श्रीरंगला एप्रिलमध्ये जर्मनीला नोकरीवर हजर व्हायचंय, हे भाड्याचं घर सोडायचंय. आईला कुठं ठेवायचं याचा त्याला घोर. मी म्हणलं, मी काय कपाट आहे का, ठेवायला? तो हसला, पण नीट हसला नाही.

वैजूचं उत्तर आलं की कळवीन. माया आहेच, ती कागदावर किती उतरवू.

तुझी,
करुणाताई

---

छत्रपती संभाजीनगर,
८ फेब्रुवारी

ती. ताईस वैजूचा सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. मला काही झालेलं नाही. तू शपथ घातलीस म्हणून सांगतो, नाहीतर पाडव्याला तुला इथं आणून उभी करूनच सांगायचं होतं.

खोली तुझ्यासाठी आहे. श्रीरंग जाणार हे त्यानं मला दिवाळीतच सांगितलं. तुला जिना नको, म्हणून खाली. गुडघे दुखतात, म्हणून दांडा. दारावर घंटी वाजली तर तुला कळणार नाही, म्हणून खोलीत लाल दिवा लावून घेतोय. बाहेर कुणी बटण दाबलं की तो पेटेल. क्रांती चौकात कानाच्या डॉक्टरांकडं तुझ्या मशीनची चौकशी करायला गेलो होतो. शेंद्र्याचा गोकुळ वेल्डिंग करतो, तो वरचे पत्रे टाकून देणार आहे. कोपऱ्यावरच्या आंब्याला मोहोर आलाय, तो तुझ्या खिडकीतून दिसेल.

उमाला अजून सांगितलेलं नाही. आधी विचारलं असतं तर तिनं विचार करायला वेळ मागितला असता, आणि तेवढ्यात तू नाही म्हणून बसली असतीस. काम पुरं झालं की सांगतो. रागावू नकोस.

तुझा,
वैजू

---

परभणी,
१७ फेब्रुवारी

चि. सौ. उमास अनेक आशीर्वाद.

आधी श्वास घे. वैजूला काहीही झालेलं नाही. ती खोली तो माझ्यासाठी बांधतोय. श्रीरंग गेल्यावर मी तुमच्याकडं राहावं, असं त्यानं दिवाळीपासून मनात धरलंय. डॉक्टरही माझ्याच कानांसाठी. तुला न सांगता हे केलं, हे वाचून मी कपाळाला हात लावला.

आता माझं ऐक. ज्या घरात घरच्या बाईला न विचारता माझी खाट टाकली, तिथं मी यायची नाही. श्रीरंगच्या घरात दोन वर्षं मी पाहुणी होऊन राहिले. सून चांगली आहे, पण मीठ संपलं तर डबा भरू का, हेही मी विचारते. तेच पुन्हा तुझ्या स्वयंपाकघरात नको. इथं वृद्धाश्रमात एक जागा आहे, मी नाव घातलंय. मार्चअखेर पक्कं सांगायचंय. वैजूला मी कळवते.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यावर माझा राग नाही.

करुणाताई

---

छत्रपती संभाजीनगर,
२१ मार्च

ती. ताईंस सा. न. वि. वि.

महिना झाला, मी उत्तर दिलं नाही. आधी काय झालं ते सांगते.

मंगळवारी दुपारी ऊन रणरणत होतं. चारच्या सुमारास वैजापूरकडून आभाळ काळं झालं आणि वारं सुटलं. तुमचा नकार आला तरी ह्यांनी काम थांबवलं नव्हतं. खोलीवरचे पत्रे आदल्या दिवशीच टाकले होते, बोल्ट निम्मेच लागलेले. गोकुळ गावाकडं गहू काढायला गेलेला. गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. एक पत्रा कोपऱ्यातून उचलायला लागला. खाली गल्लीत माणसं आडोशाला उभी होती, त्यांच्या अंगावर जाईल म्हणून हे शिडी लावून वर चढले. मी ओरडत राहिले. गारांच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नाही, का ऐकलं नाही, देव जाणे. पत्रा दोरीनं बांधला आणि उतरताना ओल्या शिडीवरून पडले.

हलतच नव्हते, ताई. मी गारांत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि तेव्हा ते पहिलं वाक्य बोलले, "ताईला सांगू नको, ती मग येणारच नाही." त्याही वेळी माझ्या अंगाचा भडका उडाला.

मांडीचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, धोका नाही. परवा घरी आणतो. जिना चढायचा नाही, म्हणून त्यांची खाट त्याच खोलीत पडणार. गोकुळ दवाखान्यात येऊन गेला. त्याचा उभा गहू झोपला, तरी राहिलेले बोल्ट लावून मगच गेला.

आता महिनाभर का गप्प होते ते. तुमचं पत्र वाचून आधी जीव भांड्यात पडला, आणि तासाभरात संताप आला. मी ह्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. नवरा मरणार म्हणून मी रात्री काढल्या आणि ह्यांना गंमत करायची होती. पण खरं सांगू? मला विचारलं असतं तर मी लगेच हो म्हणाले नसते. दोघींचं एका चुलीवर जमेल का, याची मला धास्ती वाटते. आजही वाटते.

तरी मी विचारते. ह्यांच्यासाठी नाही, शुश्रूषेला तर मुळीच नाही, त्यासाठी बाई लावलीय. खोली मोठी आहे, मध्ये पडदा लावून दोन खाटा बसतात. हे चालू लागले की वर येतील, खोली तुमची. मिठाचा डबा भरायला मला विचारलंत तर मी रागावेन. वृद्धाश्रमाला हो म्हणायच्या आत मला कळवा. मी वाट पाहते, आणि वाट पाहणं मला जमत नाही.

तुमची,
उमा

---

परभणी,
२७ मार्च

चि. सौ. उमास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वैजू शिडीवर चढला हे वाचून रडले, आणि तू आठ दिवस बोलली नाहीस हे वाचून मला बरं वाटलं. एवढं मोकळं मला या दोन वर्षांत कुणी लिहिलं नव्हतं.

वृद्धाश्रमातलं नाव आज काढून आले. तिथल्या बाई म्हणाल्या, विचार करा, जागा परत मिळायची नाही. मी म्हणलं, केलाय.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते. श्रीरंग पोचवायला येईल. धास्ती मलाही आहे. लहानपणापासून माझा आवाज मोठा आहे आणि कान गेल्यापासून तर मला तो कळतही नाही. सहन करत बसू नकोस, हातानं खूण कर.

वैजूला माझ्या येण्याचं सांगू नकोस. या खेपेला त्याला न विचारता आपण दोघींनी ठरवलंय.

तुझी,
करुणा